अर्धी काहील

पाणी एकाच बाजूनं पडत होतं.

पडायला हवं होतं सगळ्या कडेवरून. डावीकडून उजवीकडं आठ फूट सलग, काचेसारखा पातळ पडदा. अनुजानं वहीच्या शेवटच्या पानावर काढलेल्या चित्रात तसंच होतं, आणि त्या चित्रावर मोठ्या काकांनी 'मंजूर' लिहून खाली सहीसुद्धा ठोकली होती. आता मात्र पाणी उजव्या कोपऱ्यात गोळा होऊन तिथनंच भळाभळा कोसळत होतं, कुणीतरी वरनं बादली उपडी केल्यासारखं. डावीकडची निम्मी कड कोरडी ठणठणीत.

"दादा, पंप बंद कर! मासं भ्यालीत सगळी!"

"मासं न्हाय भ्यालं, तू भ्यालीस," राजवीर दगडांमागनं म्हणाला. मोठ्या काकांचा हा एकुलता एक मुलगा इंजिनिअर होता आणि हे तो दिवसातनं चारदा तरी सांगायचाच. त्यानं मोबाईल लोखंडावर आडवा ठेवला होता. "ये, बघ. लेव्हल शून्य दाखवतंय. म्हणजे बरोबर हाय."

"मग पाणी खोटं बोलतंय व्हय?"

रविवारचे साडेआठ वाजले होते. दहाला वास्तुशांतीचा होम, साडेबाराला पंगत, दीडशे पावणं. आणि तळं म्हणजे आजच्या दिवसाचं नाक. ते असं एका बाजूनं गळत राहिलं तर काय, हा विचार अनुजानं चेहऱ्यावर येऊ दिला नाही. हल्ली ती चेहऱ्यावर काही येऊ देत नसे.

जूनमध्ये दहावीसाठी ती कोडोलीहून काकांकडं राहायला आली, तेव्हा फ्रिज उघडायच्या आधीसुद्धा विचारायची. सप्टेंबरात शाळेच्या प्रदर्शनात तिनं भंगारातनं कारंजं केलं, पहिला नंबर आला आणि माईकवर ती पाच मिनिटं न अडखळता बोलली. त्या दिवसापासून तिला स्वतःचा आवाज भलताच आवडायला लागला. मोठ्या काकांनाही आवडला. "नव्या बंगल्याच्या तळ्याचं सगळं अनु बघणार," जेवताना त्यांनी जाहीर केलं होतं. "कुणी मधी बोलायचं न्हाय." कुणी म्हणजे काकी. त्यांनी तळ्यासाठी संगमरवरी हंसांची जोडी पसंत करून ठेवली होती.

हंस राहिले दुकानात. अनुजानं दुधाच्या जुन्या किटल्या तिरक्या पुरून त्यांच्या तोंडातनं पाणी सोडलं. उसाच्या मोडीत काढलेल्या जुन्या चरकाची दातेरी चाकं पाण्यात आडवी टाकून त्यांच्यावर कमळाच्या कुंड्या मांडल्या. काठाला फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांची नक्षी केली. आणि सगळ्यांत वर, दगडांच्या चौथऱ्यावर, काहील.

कोडोलीच्या मळ्यातल्या गुऱ्हाळाची काहील. आजोबांनी, हंबीररावांनी, आणलेली आठ फुटी लोखंडी कढई. चाळीस हंगाम तिच्यात उसाचा रस उकळून गूळ झाला होता. आजोबा गेले, गूळ करणारा गुळव्या आजारी पडला, तेव्हापासून तीन वर्षं गुऱ्हाळाला कुलूप होतं आणि काहील ताडपत्रीखाली पालथी पडून होती. अनुजाला ती आठवली आणि रात्रभर झोप लागली नाही. काकांच्या कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात गॅसकटरनं तिचे मधोमध दोन तुकडे झाले. एक अर्धगोल वर, एक खाली. वरच्याच्या कापलेल्या सपाट कडेवरून पाणी खालच्यात, खालच्यातनं तळ्यात. वर मोरपिशी रंग. वर्गातल्या पोरींनी फोटो बघून नुसत्या किंकाळ्या मारल्या होत्या.

"काय म्हणतंय आमचं तळं?" मोठे काका, अमरसिंह, रेशमी धोतराचा सोगा सावरत बाहेर आले.

"पाच मिनिटात होतंय, काका. मी करतो."

"करशील. तू करशीलच." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फाटकाकडं बघितलं. "बाळासो आला न्हाय अजून?"

"पप्पा धारा काढून निघणार होते. नऊपर्यंत येतील."

अमरसिंहांनी मान हलवली. काहील उचलायच्या आदल्या दिवशी त्यांनी पोरीला विचारलं होतं, बाळासोला विचारलंस न्हवं? आईला विचारलं, आई म्हणाली न्या, असं ती म्हणाली होती. धाकट्या भावाला स्वतः एक फोन करावा असं त्यांच्या मनात आलं होतं. मग कारखान्यात कुणीतरी हाक मारली आणि तो फोन राहिला. राहिला म्हणजे राहू दिला. बाळासोनं ती शेती-दूध-गुऱ्हाळाची ओढाताण सोडून कारखान्याचं स्टोअर सांभाळावं, बायकोला घेऊन वरच्या मजल्यावर राहावं, हे त्यांनी दोनदा सांगून बघितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायची त्यांना लाज वाटत होती. काहील गेली की कदाचित सांगावंच लागणार नाही.

*

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं दिसत होतं, आणि संयोगिताकाकींना ते दिसू नये असं वाटत होतं.

"माझ्या लग्नातल्या डिनरसेटचे कप आहेत ते," त्या म्हणाल्या. "काठाला चिकटवलेत. आता येणारा-जाणारा बघणार, अमरसिंहांच्या घरात काय काय फुटलं."

"फुटकंच होतं म्हणं की, वैनी," नंदा म्हणाली. तिनं नारळ खोवायची विळी पुढ्यात ओढली.

नंदा म्हणजे राजनंदिनी, अनुजाची आई. मदतीसाठी दोन दिवस आधीच आली होती. लग्नाआधीची मंगळवार पेठेतली. तिथं रस्त्यावर पाऊल टाकलं की माणूस माणसाला धडकायचं, आणि तिथनं ती कोडोलीच्या मळ्यात गेली. सतरा वर्षं झाली.

"आणि तुझ्या लेकीला जरा सांग, मुलीसारखं बोल म्हणावं. मी येतो, मी जातो! परवा माझ्या भिशीच्या बायका हसल्या."

"आमच्यात सगळ्याच बोलतात तसं. मीबी तसंच बोलतो की."

"म्हणूनच तर."

नंदा हसली नाही. एरवी हसली असती आणि परतफेडीचं काहीतरी बोललीही असती. काकींनी हातातली वाटी खाली ठेवली. ही बाई सकाळपासून सात-आठ वेळा खिडकीशी गेली होती, आणि तळ्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. बघत होती फाटकाकडं.

"नंदा, काय झालंय?"

"काय न्हाय."

"भाऊजी तयार झाले का कारखान्यात यायला?"

"होतील."

"कधी?"

"होतील आता." नारळाची वाटी विळीवर इतक्या जोरात फिरली की करवंटीची काळी पूडही खोबऱ्यात आली. नंदानं ती बोटानं वेचायला घेतली.

काकींना वरच्या मजल्यावरची खोली दिसली. पूर्वेची खिडकी, अजून रंगाचा वास. ती त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती, शिवणयंत्र आणि माहेरचं कपाट. नवरा कुणालाही न विचारता ती भावाला देऊन मोकळा झाला होता.

बाहेर मोटारसायकल वाजली. नंदाचा हात थांबला.

*

बाळासो खुशीत होता. वडगाव फाट्यापासून तो गाणं म्हणत आला होता, आणि तो गाणं म्हणायचा म्हणजे फार म्हणजे फारच खुशीत.

पिराजी गुळव्या 'येतो' म्हणाला होता. सत्तरीचा म्हातारा, दोन वर्षं अंथरुणात होता, आता काठी टेकत फिरायला लागला होता. गेल्या आठवड्यात बाळासो त्याच्याकडं गेलता तेव्हा म्हणाला, दुसऱ्या कुणाच्या गुऱ्हाळावर जायाचा न्हाय, पर हंबीररावाची काहील पेटवणार असशील तर पुढच्या सोमवारी येतो. त्या काहिलीचं अंग मला म्हाईत हाय. बाळासोनं गुरुवारी स्वतः चुलवाण लिंपून काढलं होतं, ज्या भट्टीवर काहील बसते ते. नंदाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आज होम झाला की थोरल्या भावाच्या, दादाच्या, पाया पडून सांगायचं ठरवलं होतं. उद्या गुऱ्हाळ पेटवतोय. पहिला गुळाचा रवा जोतिबाला, दुसरा तुला.

त्याला कारखान्यात जायचं नव्हतं हे दादाला तोंडावर सांगण्यापेक्षा गुळाची ढेप पुढं ठेवणं सोपं होतं.

"पप्पा! इकडं, इकडं!" अनुजानं त्याला चपला काढायलाही वेळ दिला नाही. हाताला धरून ओढतच तळ्याशी आणलं. "डोळं मिटा. आता उघडा."

बाळासोनं उघडले.

"अगं आयला!" तो म्हणाला. "हे तू केलंस?"

"सगळं! हे बघा, किटल्या. आपल्याच. आणि ही चाकं वळखली का?"

"चरकाची. व्हय की." तो खुळ्यासारखा हसत होता. "आणि वरनं पाणी... लई भारी, अनू. रंगबी काय दिलाईस. मोर बसल्यागत दिसालंय. जरा एका अंगाला पडालंय पाणी, पर..."

"तेच जमेना! दादाचा मोबाईल म्हणतोय लेव्हल बरोबर हाय."

"मोबाईलला काय कळतंय." बाळासो चौथऱ्याशी गेला, वाकला, आणि सवयीनं उजव्या हाताची बोटं मिटून लोखंडावर टकटक केली. गुऱ्हाळात वाढलेला माणूस लोखंडी भांड्याशी आधी असंच बोलतो. आवाज बद्द आला. त्यानं परत वाजवलं. मग पंजा उघडून बुडाखालनं फिरवला, हळूहळू, डावीकडून उजवीकडं, आणि एका जागी थांबला.

तिथं ठिगळ होतं. वीतभर पत्रा, तीन रिबिटा. आजोबांनी मारलेलं.

अनुजानं ते रंगवताना बघितलं होतं. थोडं घासून गुळगुळीत करायचा प्रयत्नही केला होता. नाही झालं.

"पप्पा?"

बाळासो खालच्या अर्ध्या तुकड्याकडं बघत होता. मग वरच्या. मग परत खालच्या. ओठ हलत होते, जणू दोन्ही मिळून किती होतात ते त्याला जुळवता येत नव्हतं.

"ही आपली हाय," तो म्हणाला.

"हो, तेच तर! सरप्राईज!"

"कापली?"

"मधोमध. एक मिलिमीटरचा फरक न्हाय. काकांच्या कारखान्यात..." आणि इथं अनुजाचा आवाज, तो माईकवरचा, स्वतःहूनच खाली आला. "पप्पा, काय झालं?"

"उद्या पेटवणार होतो गं," बाळासो म्हणाला. "उद्या."

*

पुढच्या दहा मिनिटांत तळ्याभोवती सगळं घर जमा झालं, आणि सगळे एकदम बोलत होते.

"मला सांगायचं होतंस!" अमरसिंहांचं धोतर सुटायला आलं होतं. "तीन वर्षं बंद पडलेलं गुऱ्हाळ, मला काय सपान पडतंय तू पेटवणार ते?"

"तुला विचारायचं होतं, दादा. उचलायच्या आधी."

"पोरीनं विचारलं की! अनू, विचारलं होतंस ना?"

"आईला विचारलं. पप्पांचा फोन लागत नव्हता."

"किती येळा लावलास?" बाळासोनं विचारलं.

अनुजानं खाली बघितलं. "एकदा."

"बरं, झालं ते झालं," अमरसिंह म्हणाले. "नवी करून देतो. स्टेनलेसची. आठ दिवसांत. ह्या गंजक्यापेक्षा शंभरपटीनं चांगली."

"चुलवाण हिच्या मापाचं हाय."

"मग चुलवाण नवं बांध! आडवं बोलायचं म्हणून बोलू नगोस."

ह्यात खोटं काही नव्हतं. नवी काहील मिळते, नवं चुलवाणही बांधता येतं. बाळासोला हे कळत होतं. तेवढ्यात काकी पुढं आल्या. सगळ्यांना वाटलं त्या नवऱ्याच्या बाजूनं बोलतील.

"भाऊजींचंच बरोबर आहे," काकी म्हणाल्या. "तुम्ही त्यांना विचारायलाच हवं होतं. मी पहिल्यापासून सांगत होते, हे भंगार नको. त्यांचा जीव आहे त्या गुऱ्हाळात. राहू द्या की त्यांना कोडोलीत सुखानं. प्रत्येकाला ओढून कोल्हापुरात कशाला आणायचं?"

अमरसिंहांनी बायकोकडं बघितलं. वरची खोली त्यांनाही दिसली.

"वैनी, तुम्हाला माझा कळवळा आला व्हय," बाळासो म्हणाला. "इतक्या वर्षांत पयल्यांदा."

राजवीरला हे सगळं आटपावं असं वाटत होतं. तो मध्ये पडला, आणि चांगल्या हेतूनंच पडला. "काका, आम्ही चोरून न्हाय नेली. दिवसा टेम्पो आणला, शेड उघडं होतं. काहील उचलली, ताडपत्री तिथंच जमिनीवर टाकली आणि आलो. तुम्ही शेडमध्ये गेला असता तर दिसलंच असतं की."

"मी गेलतो," बाळासो म्हणाला. "गुरुवारी दिवसभर तिथंच होतो. ताडपत्री जमिनीवर न्हवती."

"आम्ही तर..."

"काहिलीवर झाकलेली होती. फुगीर. गोल. मला वाटलं खाली काहील हाय." तो थांबला. "शेड उघडं कसं होतं? किल्ली आमच्या घरात खुंटीला असती."

आणि मग, एकेक करत, सगळ्यांची नजर नंदाकडं गेली. ती स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी होती, बोटांना खोबरं चिकटलेलं.

"यजमान!" आतनं भटजींची हाक आली. "मुहूर्त टळेल. दोघांनी चला लवकर."

अमरसिंह जवळजवळ पळालेच. काकी त्यांच्यामागं. राजवीर काहीतरी आणायला म्हणून गेला, ते काय हे त्यानं सांगितलं नाही.

*

आत मंत्र सुरू झाले. तळ्याशी तिघंच राहिली. अनुजा गुडघाभर पाण्यात उभी होती. बाहेर यायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"किल्ली तू दिलीस," बाळासो म्हणाला.

"व्हय."

"आणि ताडपत्री?"

"टोपल्या उपड्या ठेवलो," नंदा म्हणाली. "गोल. आणि वरनं घातलो."

"मी चुलवाण लिंपत होतो तवा तू च्या घेऊन आलतीस. माझ्या पाठीमागं त्या टोपल्या. आणि तू म्हणालीस, छान झालंय."

"चुलवाण छानच झालतं."

बाळासोच्या तोंडातनं हसल्यासारखा आवाज आला.

"चार महिनं," नंदा म्हणाली. ती त्याच्याकडं बघत नव्हती, माशांकडं बघत होती. "हंगामाचं चार महिनं पहाटं तीनला उठून बारा माणसांच्या भाकरी. अनू पोटात होती तवाबी. ताप असला तरीबी. तीन वर्षं बंद पडलं तर मी माणसात आलो. पाठ टेकाय मिळाली. आणि तुम्ही एका संध्याकाळी येऊन सांगता, नंदे, पुढच्या सोमवारी पेटवतोय. मला विचारलासा? सांगितलासा."

"तू 'करा की' म्हणालीस."

"दुसरं काय म्हणाय येतंय मला तुमच्या घरात? नको म्हणालो होतो की. तुमचं आबा असताना म्हणालो, नंतर म्हणालो. तुम्ही हसलासा. मग दुसऱ्याच दिवशी हिचा फोन आला. आई, काहील नेऊ का? मी काय केलो न्हाय. मी गप बसलो."

"आई," अनुजा म्हणाली. "मला तर सांगायचंस. सोमवारी पेटवणार हायत म्हणून. मी नेली नसती."

"म्हणून तर न्हाय सांगितलो."

हे ऐकायला अनुजाला थोडा वेळ लागला. आपल्या डोक्यातनं आलेली, आपल्या वहीत काढलेली, आपण निवडलेल्या रंगाची ती गोष्ट तिच्या हातातनं निघून गेली. ती आईची झाली. आईनं तिचा गॅसकटर केला होता.

"तू मला वापरलीस," ती म्हणाली.

"शाळेत इथंच राहायचं हाय न्हवं तुला?" नंदा म्हणाली. "दहावी झाली की कॉलेज इथंच पायजे न्हवं? मग कुणीतरी काहीतरी करायला लागतंय. तू चित्र काढलीस, मी किल्ली दिलो."

बाळासोचा फोन वाजला. पिराजी. म्हातारा फोनवर ओरडूनच बोलायचा. स्पीकर लावायची गरज नव्हती.

"बाळासो! मळी काढाय भेंडीची झाडं तुझ्याकडं हायत का मी घेऊन येऊ? रस चांगला गाळला पायजे पयल्या आदणाचा."

"नको, मामा."

"हायत व्हय तिथं?"

"न्हाईत." बाळासोनं नंदाकडं बघितलं. अजूनही ती म्हणू शकली असती. नवी करू, चुलवाण बांधू, एवढं एक. ती बोटांवरचं खोबरं पदराला पुसत राहिली. "मामा, उद्या येऊ नगा. काहील न्हाय राहिली."

"न्हाय राहिली म्हणजे? चोरीला गेली?"

"न्हाय," बाळासो म्हणाला. "घरातच हाय."

*

साडेअकरा वाजता पहिली गाडी फाटकाशी थांबली, आणि पाणी अजून एकाच बाजूनं पडत होतं.

राजवीरनं चार वेळा पंप काढला, चार वेळा बसवला. मोबाईल शून्य दाखवत होता. अनुजाचे हात सोलवटले होते. ती दगड सरकवत होती, परत होते तिथं ठेवत होती. पप्पांकडं बघायची तिची हिंमत नव्हती. ते काठावरच्या कट्ट्यावर बसले होते, मघापासून.

मग ते उठले. चपला काढल्या. वास्तुशांतीसाठी घातलेली पांढरी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले.

"सरक," त्यांनी राजवीरला सांगितलं. "मोबाईल काढ तो. मातीचा गोळा आण, घट्ट. आणि फळीचा तुकडा."

"काका, लेव्हल..."

"लेव्हल बरोबरच हाय. हिचं पोट बरोबर न्हाय. चाळीस वर्षं आगीवर बसलीया, उजव्या अंगाला दबलीया. हिला सरळ बसवलं की रस तिकडंच जातोय." पंप त्यांनी बंद केला. "काहील डोळ्यानं बसवत न्हाईत. पाण्यानं बसवतात. अनू, तांब्याभर पाणी वत. बारीक धार. बरोबर मधी."

अनुजानं ओतलं. पाणी लोखंडावर पसरलं, जरा घुटमळलं आणि उजवीकडं वळलं. पप्पांनी तो ओघळ बघितला, खांदा खाली लावून काहील बोटभर उचलली, खाली फळी सारली, माती दाबली.

"परत."

तिनं परत ओतलं. परत उचललं, परत दाबलं. चिखल त्यांच्या सदऱ्यावर उडत होता. असं ते उद्या करणार होते. चुलवाणावर, अख्ख्या काहिलीला, पिराजीमामा काठी टेकून बघत असताना. पाचव्या वेळी पाणी कुठंच वळलं नाही. सगळीकडं सारखं उभं राहिलं, आणि मग कडेवरून एकदम, पूर्ण रुंदीनं, थेंब थेंब टपकलं.

"लाव पंप," पप्पा म्हणाले.

पडदा पडला. आठ फूट सलग, काचेसारखा. पलीकडची दुधाची किटली त्यातनं लहरताना दिसत होती. अगदी वहीतल्यासारखं.

तोपर्यंत पावणं तळ्याभोवती जमले होते. टाळ्या वाजल्या. होम उरकून अमरसिंह बाहेर आले होते, कपाळाला अंगारा. त्यांनी अनुजाला पाण्यातनं वर ओढलं आणि खांद्याला धरून सगळ्यांपुढं उभं केलं.

"ही आमची अनू. सगळी आयडिया हिची. दहावीत हाय!"

"काय सांगताय! आणि हे लोखंडाचं काय आहे?"

"जुनं काहीतरी हाय गावाकडचं," अमरसिंह म्हणाले. "पोरीनं त्याचं सोनं केलं."

अनुजानं मागं बघितलं. पप्पा चौथऱ्याशी वाकून उरलेला चिखल हातानं पुसून घेत होते. सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेले एक गृहस्थ, कागलचे कुणी कारखानदार, त्यांच्याजवळ जाऊन उभे होते.

"पावणं, झक्कास काम केलंय तुम्ही," ते म्हणाले. "आमच्याकडं पण एक तळं करायचंय. नंबर देऊन ठेवा."

पप्पा ताठ झाले. त्यांनी भावाकडं बघितलं. अमरसिंह एका बाईंना मासे दाखवत होते. पायरीवर आई उभी होती, हातात पेढ्यांचं ताट घेऊन. पप्पांनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांनी अनुजाकडं बघितलं.

ती तीन हातांवर होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. सकाळपासून तिचा आवाज गेटच्या बाहेरपर्यंत जात होता. चष्मेवाले गृहस्थ मोबाईल काढून थांबले होते, मोठ्या काकांचा हात तिच्या खांद्यावर होता, सगळे तिच्याकडं बघून हसत होते.

ती गप्प बसली.

पप्पांनी नंबर सांगितला. आकडा आकडा सुटा करून, सावकाश.

"आणि नाव काय टाकू?"

"बाळासो," पप्पा म्हणाले. ओले हात त्यांनी विजारीला पुसले. "बाळासो तळंवाला टाका."